तुकोजीरावांचे पाय

दसऱ्याच्या सकाळी तुकोजीराव रणनवरे भिंतीवरून खाली उतरत. वर्षातून एकदाच. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या या घरात हा सोहळा गेली एकोणतीस वर्षं चालत आला होता आणि त्यातली कामंही वाटलेली होती. तसबीर उतरवायची ती धाकट्या भावाने, दौलतसिंहांनी. "सांभाळून, सांभाळून" म्हणायचं ते थोरल्या जयसिंहरावांनी. ती चौरंगावर भिंतीला टेकवून झाली की जयसिंहराव डोक्याला पगडी चढवत आणि तिच्यापुढे तलवार ठेवत. ही तलवार कुठल्या लढाईतली, हे विचारायची पद्धत या घरात नव्हती.

तसबीर होतीही तशीच भारदस्त. शिंदेशाही पगडी, मिशीला पीळ, एक हात कमरेवर, दुसरा तलवारीच्या मुठीवर, मागे महालाचे खांब. तुकोजीराव गुडघ्यांपर्यंत दिसत आणि तिथे चौकट लागे. पंच्याण्णव साली लष्कर भागातलं जुनं घर विकून मंडळी मुरारला आली तेव्हा इथलं छत ठेंगणं निघालं, म्हणून सुताराकडून चित्र खालून मागे दुमडून घ्यावं लागलं, असं जयसिंहराव सांगत. तुकोजीराव त्यांचे आजोबा. दरबारात त्यांची हजेरी होती, हे वाक्य जयसिंहराव दर भेटीत एकदा तरी म्हणत. समोरचा नवा असला तर दोनदा.

स्वतः जयसिंहराव, घरातल्यांचे आबासाहेब, वीज मंडळातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर लोक बागकाम धरतात, यांनी सरदारकी धरली. दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, ग्वाल्हेरला आलेल्या घराण्यांच्या दक्षिणी सरदार वंशज सभेचे ते अध्यक्ष होते. सभेत सात सभासद होते, त्यातले तीन पुण्याला मुलांकडे राहायला गेलेले. मूलबाळ नसलेल्या या विधुर माणसाचा सगळा जीव पुतणीवर, आणि त्यामुळे सगळा हुकूमही तिच्यावरच.

ती पुतणी, गरिमा, चारच दिवसांपूर्वी मँचेस्टरहून परतली होती आणि या क्षणी स्वयंपाकघरात आईशी वाद घालत होती.

"मम्मी, मँचेस्टरच्या थिएटरचा पुन्हा मेल आलाय. सोमवारपर्यंत हो की ना सांगायचंय."

वनमालाबाईंनी पुरी तेलात सोडली. "सोमवार परवा आहे. आज अकराला देवासहून शालिनीताई मुलाला घेऊन येऊन राहिल्या आहेत तुला बघायला. आजचं आज बघू."

"येऊ देत ना. मी थोडीच म्हणतेय की येऊ नका. बस, मी सप्लाय चेनची नोकरी करणार नाही आणि थिएटरमध्ये जाणार आहे, हे कोणीतरी आबासाहेबांना सांगा."

"सांगू. जेवण झाल्यावर."

"तुम्ही लोक सगळं जेवण झाल्यावर सांगता."

खरं होतं ते. रणनवऱ्यांकडे खरं बोलायचं ते भरल्या पोटी, अशी रीत होती, आणि भरल्या पोटी सगळ्यांना झोप येई.

"पण त्या थिएटरात तू नक्की करणार काय?" वनमालाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं. चार दिवसांत हा प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता.

"लाइट. कुठल्या वेळी कोणावर किती उजेड पाडायचा, ते."

"म्हणजे वायरमन?"

"मम्मी!"

"अगं, तसं असेल तर आबासाहेबांना सांगायला सोपं जाईल. वीज मंडळासारखंच आहे म्हणून."

गरिमा हसली. एका वर्षासाठी शिकाऊ म्हणून तिला घ्यायला ते लोक तयार होते. तिकीट काढून पळून जाणं तिला जमलं असतं. पण आबासाहेबांनी स्टेशनवर पाठ फिरवली असती तर तिथे जाऊन उजेडाचं बटण दाबायला हात उचलला नसता, हे तिला ठाऊक होतं. याच माणसाने तिला सायकल शिकवली होती, फ्यूज बांधायला शिकवलं होतं. तिला त्यांचा होकारच हवा होता.

खरं सांगायचं तर गरिमाला कलेची ओढ लागली ती थंडीमुळे. मँचेस्टरला गेली सप्लाय चेनची, म्हणजे सामान वेळेवर पोचवण्याची, पदवी घ्यायला. खोली गारठलेली, आणि विद्यापीठाच्या वाटेवर एक चित्रांचं संग्रहालय, आत फुकट प्रवेश आणि ऊब. पहिला महिना ती भिंतीलगतच्या हीटरजवळ बसून पाय शेकत असे. दुसऱ्या महिन्यात समोर चित्रं आहेत असं तिच्या लक्षात आलं. एका चित्रात एक बाई भांडं घासत बसली होती आणि तिच्या हातावर खिडकीतला उजेड होता. पण खिडकी चित्रात कुठे नव्हतीच. ती खिडकी कुठे असेल, हे शोधण्यात गरिमाचा एक आख्खा तास बुडाला.

मग खोलीतल्या मैत्रिणीने तिला नाचाच्या वर्गाला ओढून नेलं. गरब्यासारखं काही असेल म्हणून ही गेली. तिथे दोन आठवडे नुसतं उभं राहायला शिकवलं: वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे वळली आहे, एवढंच. आणि शेवटी एका नाटकाच्या थिएटरात दारावर तिकिटं बघण्याचं काम मिळालं. एकच नाटक तिने एकतीस वेळा पाहिलं. दहाव्या खेळापासून ती नटांकडे बघेनाशी झाली आणि दिव्यांकडे बघू लागली. दिवे चालवणाऱ्या मॉरीन नावाच्या म्हाताऱ्या बाईने ते ओळखलं आणि तिला वर आपल्या काचेच्या खोलीत बसवून घेतलं.

आणि घरी पाऊल टाकल्या क्षणापासून एक गोष्ट तिला छळत होती. जयसिंहराव आंघोळीला गेलेले बघून ती बाहेरच्या खोलीत आली. दौलतसिंह तसबीर फडक्याने पुसत होते.

"पापा, पणजोबांच्या चेहऱ्यावर उजेड खालून पडलाय."

"हं?"

"बघा ना. हनुवटीची खालची बाजू उजळ आहे आणि कपाळावर सावली. सूर्य जमिनीतून थोडीच उगवतो?"

दौलतसिंहांचं नई सडकेवर चष्म्याचं दुकान होतं. तीस वर्षं ते लष्कर भागातल्या लोकांना अक्षरं वाचायला लावत होते. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, घरात काही दिसलं तरी ते दिसलं म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते पुसत राहिले.

"आणि या खांबांना चुण्या आहेत. दगडाला चुणी कशी पडेल? हा रंगवलेला पडदा आहे. आणि उभे कसे आहेत ते बघा. सगळं वजन डाव्या पायावर. लढणारा माणूस असा उभा नाही राहत, पापा. ताल धरून थांबलेत ते."

"गरिमा," दौलतसिंह हळू आवाजात म्हणाले, "हे तू आबासाहेबांना विचारू नकोस."

"मतलब, तुम्हाला पता आहे."

"मी काही केलं नाही. आबासाहेबांनी आणि सुताराने दुमडलं. मी नुसतं दुसरं टोक धरलं होतं."

आतून जयसिंहरावांच्या खडावा वाजल्या आणि दौलतसिंह पुन्हा पुसू लागले. गरिमाने चौकटीच्या मागे हात घातला. प्लायवूडच्या आड दुमडलेलं कापड जाडजूड लागलं. छताचं निमित्त होतं तर. पणजोबा रंगमंचावर उभे होते आणि आबासाहेबांना ते माहीत होतं. आपल्या हातात काय आलं आहे हे तिला लगेच कळलं. आज एक वाक्य बोललं की काम होणार होतं. तोंडात तिखट मिरची धरावी तसं ते वाक्य तिने धरून ठेवलं.

*

अकराच्या सुमारास शालिनीताई आल्या. त्या म्हणजे रीतीभातीचं चालतं पुस्तक. लग्नात अक्षता कुठल्या हाताने टाकल्या, यावरून त्यांनी एका घराशी बोलणं सोडलं होतं. बरोबर मुलगा हेमेंद्र, इंदूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो गरिमाकडे बघून ओळखीचं हसला आणि खुर्चीत बसून मोबाइलमध्ये शिरला.

जयसिंहरावांना असा दिवस वर्षानुवर्षं लाभला नव्हता. पगडी नीट बसली होती, स्वयंपाकघरातून वेलचीचा वास येत होता, आणि समोर देवासची तोलामोलाची बाई कौतुकाने तसबीर न्याहाळत होती. दरबारातल्या हजेरीचं वाक्य त्यांनी दोनदा म्हणून घेतलं.

"आणि मुलगी काय शिकली म्हणालात?" शालिनीताईंनी विचारलं.

"एमएससी. मॅनेजमेंट. मँचेस्टर." एकेक शब्द त्यांनी तबकात दागिना ठेवावा तसा ठेवला.

"आता पुढे?"

हा प्रश्न गरिमाकडे बघून होता. वनमालाबाई दारात श्रीखंडाचं पातेलं घेऊन थबकल्या. जेवण अजून झालं नव्हतं.

"नाटकाच्या थिएटरमध्ये काम मिळतंय, काकीसाहेब," गरिमा म्हणाली. "लाइटिंगचं. सोमवारी कळवायचंय."

 जयसिंहराव हसले. हसू जरा लांबलं.

"छंद हो, छंद! तिथे थंडी पडते कडाक्याची, मुलं वेळ घालवायला काहीतरी करतात. तुम्ही मनावर घेऊ नका, ताई. आमच्या घराण्यात नाटक, नाच, तमाशा, असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत कधी पाय ठेवू दिला नाही. तुकोजीरावांची जरबच होती तशी."

गरिमाने तुकोजीरावांकडे पाहिलं. ते खालून आलेल्या उजेडात, कंबर वळवून, अगदी मजेत उभे होते. 

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत सुलोचनाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या या दोघा भावांच्या आत्या, तुकोजीरावांची शेवटची हयात लेक, वय चौऱ्याऐंशी. तशा बसल्या की त्या झोपल्यात की ऐकतायत, हे घरात कोणालाच सांगता येत नसे.

पूजा झाली. तलवारीला गंधफूल वाहिलं, शमीची पानं ठेवली, आरती झाली. तेव्हा शालिनीताई उठल्या, हळदकुंकवाचं तबक त्यांनी हातात घेतलं आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला. जयसिंहरावांचा ऊर भरून आला. हात ठेवला म्हणजे सोयरीक अर्धी झालीच.

"हेमेंद्र, पुढे हो. मूळपुरुषाच्या पायांवर डोकं ठेव."

हेमेंद्र वाकला. वाकला तो तसाच राहिला. मग त्याने मान वर केली.

"मम्मा, पाय किधर हैं?"

"असं काय विचारतोस?" म्हणत शालिनीताईंनी चष्मा वर केला आणि त्याही बघू लागल्या. "अहो आबासाहेब, खरंच की. पाय कुठे आहेत?"

जयसिंहरावांनी छताची गोष्ट सांगितली. पंच्याण्णव साल, ठेंगणं छत, सुतार. ती त्यांना पाठच होती.

"ते झालं भिंतीवरचं," शालिनीताई म्हणाल्या. "आज तर तुम्ही त्यांना खाली उतरवलंय. छत कुठे आडवं येतंय? उघडा की. आमच्यात पायांना हळदकुंकू लागल्याशिवाय सोयरिकीची गोष्ट पुढे जात नाही. माझ्या आजेसासऱ्यांच्या तसबिरीत पायांची नखंसुद्धा मोजून घ्या."

 एकोणतीस वर्षं जयसिंहरावांनी रीतभात, रीतभात म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आज रीतच तबक घेऊन समोर उभी होती. पगडीखालून घामाचा एक ओघळ कानाशी आला. खोलीतल्या माणसांकडे ते आळीपाळीने बघू लागले आणि शेवटी त्यांची नजर गरिमावर येऊन थांबली.

ती नजर गरिमाने आधी एकदा पाहिली होती. एकोणिसाव्या खेळाला एक वयस्क नट भर प्रवेशात शब्द विसरला होता.  काचेच्या खोलीतून मॉरीनने हळूच उजेड उतरवला, जणू संध्याकाळच झाली आहे. त्या अंधुकात म्हाताऱ्याला शब्द सापडले. प्रेक्षकांना काही कळलंसुद्धा नाही.

धरून ठेवलेलं वाक्य आता बोलावं की गिळावं? तिने गिळलं.

"काकीसाहेब, ते उघडता नाही येणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं दुमडलेलं आहे ना, एकदम उघडलं तर रंग तडकेल. तिथल्या म्युझियममध्ये यासाठी खास लोक असतात. मी तपास करीन. तोपर्यंत चौकटीलाच कुंकू लावलं तर चालेल ना?"

जयसिंहरावांनी तिच्याकडे पाहिलं. या मुलीने आपल्याला वाचवलं हे त्यांना कळलं, आणि म्हणजे तिला सगळं माहीत आहे हेही कळलं.

शालिनीताई तबकाकडे बघत विचार करू लागल्या. चौकटीला कुंकू लावावं की नाही, याचा शास्त्राधार त्या मनात शोधत होत्या. तो बहुतेक सापडलाही असता.

"काही तडकत नाही," वेताच्या खुर्चीतून आवाज आला. सुलोचनाबाईंचे डोळे सताड उघडे होते. "उघडा. एकोणतीस वर्षं माझे बाबा पाय दुमडून बसलेत. आता त्यांना जरा पाय पसरू द्या."

"आत्याबाई, तुमचं औषध राहिलंय वाटतं..."

"औषध घेतलंय मी. तू खिळे ठोकत होतास ना जया, तेव्हा मी जिन्यात उभी होते. म्हटलं, पोरगं आहे, लाज वाटते आहे त्याला, उद्या जाईल लाज. उद्या उद्या करता मी चौऱ्याऐंशीची झाले. माझ्याकडे आता उद्या फार नाहीत."

 मग दौलतसिंह उठले. आयुष्यात प्रथमच त्यांना कोणी उठ म्हणालं नव्हतं. त्यांनी खिशातून चष्म्याच्या दांड्या आवळायचा काडीएवढा पेचकस काढला आणि प्लायवूडच्या खिळ्याखाली घातला. तो तिथल्या तिथे वाकला.

"घ्या," म्हणून वनमालाबाईंनी स्वयंपाकघरातलं उलथनं पुढे केलं.

"वनमालाबाई, तुम्हीसुद्धा?" जयसिंहराव कसेबसे म्हणाले.

"दर दिवाळीला मागची जाळी मीच काढते ना, आबासाहेब. प्लायवूड एका कोपऱ्याला सुटलंय, आतलं दिसतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण ही मूठ झाकायला घरातला प्रत्येक हात लागला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानेच झाकली आहे.

खिळे निघाले. दौलतसिंहांनी एक टोक धरलं, गरिमाने दुसरं, आणि कापड हळूहळू खाली उलगडलं. गुडघ्यांच्या रेघेत रंग तडकला तेवढाच. त्याच्याखाली उन्हाधुळीचा स्पर्श न झालेले रंग काल लावल्यासारखे ताजे होते. तुकोजीरावांचे पाय अनवाणी होते. उजवी टाच उचललेली. दोन्ही पायांत घोट्यांपासून वर चार-चार पदरी घुंगरू. आणि पायांपुढे एका ओळीत सात दिवे, ज्यांचा उजेड वर जाऊन त्यांच्या हनुवटीला लागला होता.

शालिनीताईंचा कुंकवाचा हात हवेत थांबला. "हे... घुंगरू आहेत?"

"मग काय साखळदंड?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "दक्षिणेतून नाटक मंडळी आली होती, तिच्याबरोबर बाबा आले. पहिल्या अंकात सरदार व्हायचे, तिसऱ्या अंकात नाचायचे. दरबारात हजेरी होती म्हणतात ती ही. मंडळी गेली, बाबा इथेच राहिले. पडदे रंगवणाऱ्यानेच काढलंय हे, म्हणून पडद्यासकट काढलं. हे असं उभे राहायचे ना, तर पुढच्या रांगेत आमची आई बसलेली असायची. तिने हे पाय बघून लग्न केलं." मग जयसिंहरावांच्या डोक्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ती पगडीपण त्याच नाटकातली. आत बघ, कापडाखाली पुठ्ठा आहे."

जयसिंहरावांनी पगडी उतरवली. आत बघितलं नाही. ती मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

*

शालिनीताई जेवल्या. भरल्या ताटावरून उठणं रीतीत बसत नव्हतं. श्रीखंड त्यांनी दोनदा घेतलं आणि हात धुताना म्हणाल्या, "पत्रिका पुन्हा एकदा आमच्या गुरुजींना दाखवते." या वाक्याचा अर्थ सगळ्या दक्षिणी घरांना माहीत असतो.

फाटकाशी हेमेंद्र मागे रेंगाळला. "मस्त आहेत तुमचे पणजोबा," तो गरिमाला म्हणाला. "ॲक्चुअली, माझं इंदूरला दोन वर्षांपासून ठरलंय. मम्मांना सांगायची हिंमत नव्हती होत. आता गाडीत सांगून टाकतो. उनका आज का शॉक का कोटा तो हो ही गया."

जयसिंहराव आपल्या खोलीत जाऊन बसले ते चहालाही आले नाहीत. सहा वाजता सभेची मंडळी सोनं द्यायला यायची होती. ग्वाल्हेरात आपटा मिळत नाही. शमीची पानंच सोनं म्हणून वाटतात, आणि सभेच्या रिवाजाप्रमाणे ती अध्यक्षांच्या घरी, तुकोजीरावांच्या साक्षीने वाटली जात. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. आपण लोकांना फसवलं असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांना एवढंच वाटत होतं की आपण बारा वर्षांचे असताना शाळेत एका मुलाने "नाच्याचा नातू" म्हटलं होतं, आणि तेव्हा वडिलांनी आपल्याला जवळ घेण्याऐवजी गप्प राहायला सांगितलं. ते गप्प राहणं पुढे इतकं वाढलं की त्याला पगडी घालावी लागली.

सहाला पाच कमी असताना ते बाहेर आले. पगडी हातातच होती. खोलीत दिवेलागणीचा अंधार होता आणि कोणीच दिवा लावला नव्हता. वनमालाबाई तसबिरीपाशी जरीचा शेला घेऊन उभ्या होत्या.

"आबासाहेब, मंडळी येतील. झाकू का पाय?"

 जयसिंहराव चित्रापुढे गेले आणि ते ताजे रंग त्यांनी जवळून पाहिले. मग गरिमाला म्हणाले, "दुपारी तुला सांगून टाकता आलं असतं. तुझं काम झालं असतं. का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शब्द विसरला होता, आबासाहेब. विसरलेल्या माणसावर उजेड नाही मारत."

 त्यांना डोळे पुसायचे होते, पण सरदार सगळ्यांसमोर डोळे पुसत नसतात.

"बरं, एक सांग," ते म्हणाले. "उजेड असा खालून पडला की माणूस दिसतो कसा?"

"मोठा. सावली मागच्या पडद्यावर जाते आणि दुप्पट होते."

"दाखव."

गरिमाने मोबाइलचा टॉर्च लावून तो जमिनीवर, तुकोजीरावांच्या पायांशी, रंगवलेल्या दिव्यांच्या ओळीत ठेवला. घुंगरू उजळले. जयसिंहराव बाजूला उभे होते, त्यांचीही सावली भिंतीवर चढली आणि छताला जाऊन टेकली. ठेंगण्या छताचा त्या दिवशी पहिल्यांदाच खरा उपयोग झाला.

फाटक वाजलं. बोलण्याचे आवाज व्हरांड्यात आले.

"शेला?" वनमालाबाईंनी घाईने विचारलं.

"आत न्या तो." जयसिंहरावांनी पगडी डोक्यावर चढवली, मिशीवरून हात फिरवला आणि तसबिरीशेजारी उभे राहिले. एक हात कमरेवर गेला. वजन डाव्या पायावर आलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला, कारण अठ्ठावन्न-साठ वर्षांनी त्या बाबांना बघत होत्या.

दारात सभेचे उरलेले तीन सभासद शमीची पानं हातात धरून जागच्या जागी थांबले.

"या, या, आत या!" जयसिंहरावांचा आवाज खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत स्वच्छ गेला. "आज आमच्या तुकोजीरावांचं संपूर्ण दर्शन! दक्षिणेतून आलेले थोर कलावंत. दरबारात त्यांची हजेरी होती. कला आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे, ही आमची गरिमाही आता..."

मग ओठ न हलवता, गरिमाला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "सोमवारी हो म्हणून टाक. आणि तो उजेड जरा डावीकडे घे, माझ्यावर नीट पडत नाहीये."